तयार ‘कार्यशाळा संच’: पेटीत काय येतं आणि पोरांच्या हाती काय लागतं

शाळेत व्यवसाय विषय सुरू करायचं ठरलं की पहिली खरेदी होते ती तयार संचाची. एका खोलीत मावेल अशी ‘बहुकौशल्य कार्यशाळा’: पाच व्हाइस (तुकडा आवळून धरायचे शिकंजे) बसवलेलं बाक, कानशी-हॅकसॉची पेटी, टेबलावरचं एक ड्रिल मशीन, दुहेरी चाकाचा ग्राइंडर, पाच सोल्डरिंग आयर्न, वायरिंगचा तयार फलक, दोन-चार आर्डुइनो बोर्ड (प्रोग्राम घालून दिवे-मोटारी चालवायचे), एक थ्रीडी प्रिंटर आणि भिंतीवर लावायचे रंगीत तक्ते. पुरवठादार कुणीही असो, थोड्याफार फरकानं यादी हीच निघते. म्हणून हे परीक्षण कुठल्या एका कंपनीचं नाही, या साच्याचं आहे. वापरणारी शाळा सरकारी माध्यमिक धरली आहे: वर्गात ४० मुलं, निदेशक एकच, आठवड्यातून एक जोडतास.

निकाल आधीच सांगून टाकतो. वस्तू बऱ्या, प्रमाण साफ चुकलेलं, आणि जे संपतं ते पेटीत जवळपास नाहीच.

प्रमाण चुकलं म्हणजे काय, ते मिनिटांत मोजून बघा. जोडतास ८० मिनिटांचा. हजेरी, हत्यारं वाटणं आणि आजचं काम दाखवणं यात १० मिनिटं जातात. शेवटी झाडलोट आणि हत्यारं मोजून परत घेणं यात आणखी १०. उरली ६०. पाच व्हाइसची मिळून ३०० मिनिटं. ४० मुलांत वाटा, प्रत्येकाला साडेसात. वर्षात असे ३० जोडतास झाले आणि एकही बुडाला नाही असं धरलं, तरी एका मुलाच्या वाट्याला व्हाइस येतो पावणेचार तास. आता संचासोबतची पुस्तिका उघडा. पहिलं काम बहुधा हेच असतं: ५० बाय ५० मिमीचा, १० मिमी जाडीचा लोखंडी तुकडा चारही कडांनी कानसून गुण्यात, म्हणजे काटकोनात आणणं. कानस पहिल्यांदाच हातात धरणाऱ्याला त्यासाठी पाच-सहा तास सहज लागतात. म्हणजे वर्ष संपतं आणि पहिलं काम अर्धवटच राहतं. पुढची पानं उलटायची गरजच नाही.

ही गोष्ट कुणाला माहीत नव्हती असंही नाही. मॉस्कोच्या इम्पिरियल टेक्निकल स्कूलमध्ये व्हिक्टर डेला-वोस यांनी १८६८ च्या सुमारास हातकाम शिकवण्याची जी पद्धत बसवली, तिचा एक नियमच होता की गटात जितके विद्यार्थी तितक्या कामाच्या जागा आणि तितकेच हत्यारांचे संच. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात ती पद्धत मांडली गेली, अमेरिकेत गाजली आणि १८८० मध्ये सेंट लुईसला कॅल्व्हिन वुडवर्ड यांची हस्तकौशल्याची शाळा सुरू झाली. आजच्या संचानं त्या परंपरेतले सरावाचे नमुने उचलले, तक्ते उचलले, आणि नेमका तो नियम सोडून दिला.

यावर उपाय दोन. पैसे असतील तर पाचाऐवजी दहा व्हाइस आणि प्रिंटर रद्द. पैसे नसतील तर वर्गाचे २०-२० चे दोन गट, आणि प्रत्येक गटाच्या पाच-पाचच्या चार टोळ्या: एक टोळी व्हाइसवर, एक वायरिंगवर, एक सोल्डरिंगवर, एक आखणी आणि ड्रिलवर. साडेसात आठवड्यांनी टोळ्या बदलायच्या. त्याच पाच व्हाइसवर आता प्रत्येक मुलाला वर्षभरात साडेसात तास मिळतात आणि तेही ६० मिनिटं सलग. हिशोबात हे दुपटीनं वाढलेलं दिसतं, पण सलगपणानं पडणारा फरक दुपटीहून मोठा आहे. साडेसात मिनिटांत तुकडा बांधायचा, सोडायचा आणि पुढच्याला द्यायचा, एवढंच होतं. हात बसत नाही. अर्थात दोन गट म्हणजे निदेशकाचे दोन जोडतास. ते वेळापत्रकात मिळाले नाहीत तर यातलं काहीच होत नाही. त्याकडे पुढे येऊच.

आता पेटीकडे वळू.

व्हाइस १०० मिमी जबड्याचा येतो आणि मुलांच्या कामाला तो योग्य आहे. खोटं निघतं ते बसवण्यात. लाकडी फळीला नुसते लाकडी स्क्रू मारून व्हाइस पाठवतात. हॅकसॉच्या मागेपुढे हिसक्यांनी तीन महिन्यांत तो डुलायला लागतो. आरपार बोल्ट हवेत, खालून पोलादी पट्टी आणि वॉशर, आणि फळी किमान ४० मिमी जाड. उंचीचा नियम सोपा आहे: व्हाइसजवळ उभं राहून कोपर दुमडलं की कोपराचं टोक जबड्याच्या वरच्या कडेला यावं. संचातलं बाक मोठ्या माणसाच्या मापाचं असतं. तेरा-चौदा वर्षांच्या पोरांचे खांदे त्यावर वर उचलले जातात, कानस तिरकी चालते आणि तुकड्याची कड मधे फुगीर होते. मग सगळे म्हणतात पोराला जमत नाही. बाकासमोर ठेवायला फळ्यांचे १० आणि १५ सेंमीचे पाट करून घ्या. ते शाळेतच होतात, आणि तेच पहिलं सुतारकाम म्हणून द्यायला हरकत नाही. व्हाइसची आणखी एक परीक्षा आहे. कागदाच्या दोन पट्ट्या जबड्याच्या दोन टोकांना धरून व्हाइस आवळा आणि दोन्ही ओढून बघा. एक अडकली आणि दुसरी निसटली तर जबडे समांतर नाहीत. अशा व्हाइसमध्ये पातळ तुकडा कधीच नीट धरला जात नाही. दांड्यावर हातोडा मारून व्हाइस आवळायची सवय पहिल्याच दिवशी मोडा; बीड तडकतं, नाहीतर आतल्या नटाचे आटे जातात.

कानशी चांगल्या येतात, पण मुठी नसतात किंवा वेगळ्या पिशवीत येतात आणि त्या पिशवीतच राहतात. मुठीशिवाय कानस म्हणजे तळहातात घुसायला टपलेला खिळा. मूठ बसवल्याशिवाय कानस कपाटाबाहेर काढायची नाही. नवी कानस आधी पितळेवर वापरावी, मग लोखंडावर. थेट लोखंडाच्या काळ्या पापुद्र्यावर घातली की दात पहिल्याच तासात बोथट होतात. अॅल्युमिनियम कानसताना कण दातांत अडकून तुकड्यावर खोल ओरखडे पडतात. खडू घासून कानस वापरली की ते बरंच टळतं. आणि खडूची शाळेत वानवा नाही.

हॅकसॉचं दुखणं ब्लेडमध्ये आहे. संचात सगळी ब्लेडं १८ दातांची, म्हणजे इंचाला १८. भरीव लोखंडाला ती ठीक. पण शाळेत कापतात काय? पातळ पाइप, चौकोनी नळ्या, पत्रा. १८ दातांच्या ब्लेडला दोन दातांमधलं अंतर साधारण १.४ मिमी. कापताना किमान तीन दात धातूवर टेकलेले हवेत. १.६ मिमी जाडीच्या नळीच्या भिंतीवर जेमतेम एकच टेकतो, तो अडकतो आणि तुटतो, आणि एक गेला की शेजारचेही जातात. अँगल आणि जाड पाइपला २४ चं, पातळ नळीला ३२ चं ब्लेड मागवा. १ मिमी पत्र्याला तर ३२ चंसुद्धा कमी पडतं, कारण तिथेही अंतर ०.८ मिमी. दोन प्लायवुडच्या तुकड्यांमध्ये पत्रा दाबून तिन्ही एकदम कापायचे. ब्लेडाचे दात पुढच्या दिशेला, ताण पंखनट हातानं घट्ट होईल इतका, वेग मिनिटाला ४० च्या आसपास. पोरं घाईघाईनं ८० करतात आणि ब्लेड तापून निळं पडतं.

ड्रिल मशीन हा संचातला सगळ्यात चांगला भाग, आणि सगळ्यात वाईट वापरला जाणाराही. १३ मिमी चक (बिट पकडणारा जबडा), पट्ट्यावर पाच वेग. बहुतेक वेळा पट्टा सर्वांत जलद खाचेत बसवूनच येतो आणि जन्मभर तिथेच राहतो, कारण वरचं झाकण कुणी उघडतच नाही. साध्या लोखंडाला एचएसएस (हाय-स्पीड स्टील) बिटचा कापण्याचा वेग मिनिटाला २५ मीटर धरा. २५ ला १००० नं गुणा, आणि पाय (३.१४) गुणिले बिटचा मिमीतला व्यास यानं भागा. ३ मिमी बिटला येतात साधारण २६५० फेरे, ६ मिमीला १३२५, १० मिमीला ८००. हे तीन आकडे मशीनच्या झाकणावर रंगानं लिहून ठेवा. १० मिमीचं बिट २५०० फेऱ्यांवर घातलं की चर्र आवाज येतो, धूर निघतो, टोकाची धार जाते, आणि भोकाची जागा कडक होऊन बसते, मग नवं बिटही तिथे फिरत राहतं. दर वर्षी ‘बिटं हलकी आली’ अशी तक्रार होते, तिच्यातली निम्मी तक्रार पट्ट्याची असते.

तुकडा हातात धरून ड्रिल करायचं नाही हे तक्त्यावर असतंच. पण मशीनचा व्हाइस टेबलाला बोल्टनं आवळायचे टी-बोल्ट पेटीत नसतात, तेव्हा मुलं व्हाइसच हातानं धरतात. बिट आरपार निघण्याच्या क्षणी पकडतं आणि तुकडा नाहीतर व्हाइस गरकन फिरतो. दोन टी-बोल्ट लगेच आणा. हातमोजे घालून ड्रिलवर काम नाही, मोकळे केस नाहीत, लोंबती बाही नाही. चकची चावी चकमध्ये राहू नये म्हणून स्प्रिंग असलेली चावी मिळते. ती घातली की हात सोडताच बाहेर येते.

याच कोपऱ्यात संचाची एक मजेशीर चूक सापडते. टॅपचा, म्हणजे भोकात बोल्टसाठी आटे पाडायच्या हत्याराचा डबा असतो, त्यात एम ६ आणि एम ८, म्हणजे ६ आणि ८ मिमीच्या बोल्टचे. बिटांचा डबा असतो, अर्ध्या मिलिमीटरच्या टप्प्यांचा. एम ६ ला ५ मिमीचं भोक लागतं, ते मिळतं. पण नवशिका ‘एम ६’ वाचून ६ मिमीचं भोक पाडतो आणि टॅप अलगद आत-बाहेर होतो, आटा पडतच नाही. हे एकदा होऊ द्यायला हरकत नाही, पुन्हा विसरत नाहीत. खरी गोची एम ८ ची. त्याला भोक हवं ६.८ मिमी आणि डब्यात एकीकडे ६.५ आहे, दुसरीकडे ७. मुलं, आणि कधी कधी निदेशकही, ‘लहान बरं’ म्हणून ६.५ घेतात. त्यात आट्याची जवळजवळ पूर्ण खोली कापावी लागते, टॅप जाम होतो आणि तुकड्यात मोडतो. मोडलेला टॅप काढणं शाळेच्या हत्यारांनी होत नाही, तुकडाच भंगारात जातो. ७ मिमी घ्या. आट्याची खोली साठेक टक्के मिळते आणि शाळेच्या कामाला ती भरपूर आहे. किंवा ६.८ ची दोन बिटं वेगळी मागवा. टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, आणि तेल. सुरुवात करताना गुण्या लावून दोन बाजूंनी बघायचं. टॅप तिरका गेला तर पहिल्या दोन फेऱ्यांतच सरळ करता येतो, नंतर नाही.

ग्राइंडरवर जास्त लिहीत नाही, कारण तो मुलांच्या हाती देण्याची वस्तूच नव्हे. निदेशकानं बिटं आणि छिन्न्या लावायला वापरावा. टेकू आणि चाक यांत ३ मिमीपेक्षा जास्त फट नको, अॅल्युमिनियम त्यावर कधीच घासायचं नाही, आणि चालू केल्यावर पहिला मिनिटभर समोर उभं राहायचं नाही.

सोल्डरिंग आयर्न २५ वॉटची येतात. ६०-४० च्या (६० टक्के कथील, ४० टक्के शिसं) सोल्डरच्या तारेला ती पुरतात. ती तार १८३ ते १९० अंशांच्या दरम्यान वितळते. अलीकडे संचात शिसं नसलेली तार घालतात आणि आयर्न तेच ठेवतात. ही तार २१७ अंशांच्या पुढे वितळते. मोठ्या तांब्याच्या पट्टीवर २५ वॉट मागे पडतं, जोड राखाडी आणि दाणेदार होतो, आणि पोर तेच आयर्न दहा सेकंद दाबून धरतं तोवर बोर्डावरची तांब्याची पट्टी सुटून येते. शिसं नको हे बरोबरच आहे, पण मग तापमान लावता येणारं स्टेशन द्या. ते जमत नसेल तर शिशाची तार ठेवा, हात धुण्याची सोय खोलीतच करा आणि खोलीत खाणं बंद. तारेतल्या रेझिनचा धूर दम्याच्या मुलांना बाधतो. उघडी खिडकी आणि धूर तोंडापासून दूर ओढणारा छोटा पंखा एवढं तरी हवंच.

जोडाची रीत चार ठोक्यांची. टोक एकाच वेळी बोर्डावरच्या पट्टीला आणि जोडायच्या भागाच्या तारेच्या पायाला टेकवा, एक-दोन सेकंद थांबा, तार जोडावर लावा, आयर्नच्या टोकावर नाही. तार काढा, मग आयर्न काढा. सगळं मिळून चारेक सेकंद. टोक काळं पडलं की मुलं ते कानशीनं घासतात आणि इथेच आयर्न मरतं. टोकावर लोखंडाचा मुलामा असतो. तो गेला की खालचं तांबं सोल्डरमध्ये विरघळत जातं आणि टोकाला खड्डा पडतो. ओला स्पंज किंवा पितळेचा चोथा, आणि ठेवताना टोकावर सोल्डरचा थर. वीस आयर्न एकदम लावली तर वायरिंग जळेल, अशी भीती पुष्कळ शाळांत असते. वीस गुणिले २५ म्हणजे ५०० वॉट, एका इस्त्रीपेक्षाही कमी. धोका आहे तो एकाच्या तापल्या टोकाखाली दुसऱ्याची वायर येण्याचा. स्टँड बाकाला स्क्रूनं पक्का करा, वायरी मागच्या बाजूनं न्या.

वायरिंगचा तयार फलक हा माझ्या मते संचातला सगळ्यात निरुपयोगी नग. समोर पारदर्शक पत्रा, त्यावर छापलेली आकृती, मागे कारखान्यातच जोडलेल्या वायरी. मुलगा बटण दाबतो, दिवा लागतो. बटण दाबायला तो घरीही शिकला असता. त्याऐवजी ६० बाय ४५ सेंमीचे प्लायवुडचे दहा फलक, सुटे होल्डर, सुटे स्विच, जंक्शन बॉक्स आणि वायरीची गुंडाळी हवी. वायर ८ ते १० मिमी सोलायची, आतल्या तारांना धार लागू द्यायची नाही, पीळ देऊन स्क्रूखाली घालायची आणि ओढून बघायची. सैल टर्मिनल तापतं, हे सैल टर्मिनल करूनच कळतं. सराव विजेवर नाही, १२ किंवा २४ व्होल्टच्या डीसी पुरवठ्यावर. एक धन वायर ‘फेज’ मानायची.

या फलकावर एक चूक मुद्दाम करवून घ्यावी. स्विच फेजमध्ये न टाकता न्यूट्रलमध्ये टाकायला सांगा. दिवा लागतो, विझतो, सगळं बरोबर वाटतं. आता स्विच बंद ठेवून, दिवा होल्डरमध्ये असताना, होल्डरच्या टर्मिनलपासून ऋण टोकापर्यंत मीटर लावा. दोन्ही टर्मिनलांवर पूर्ण २४ व्होल्ट दिसतात. दिवा विझलाय आणि होल्डर जिवंत आहे. खऱ्या घरात याच होल्डरमध्ये कुणीतरी बोट घालतं. वर्षभरात याच्याइतका उपयोगी दहा मिनिटांचा तास दुसरा नाही, आणि तयार फलकावर तो घेताच येत नाही. खोलीच्या मुख्य पुरवठ्यावर मात्र ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच आणि त्याचं चाचणीचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं. एमसीबी (जादा प्रवाह झाला की तोडणारा स्विच) आहे म्हणून आरसीसीबी नको, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही.

आर्डुइनो ऊनो (आर३) चांगला, स्वस्तातला शिक्षक. त्याच्या एका पिनेतून २० मिलिअँपिअरपर्यंत घ्यावं, ४० ही शेवटची हद्द. पुस्तिकेतला दुसरा-तिसरा प्रयोग मोटार फिरवण्याचा असतो आणि ट्रान्झिस्टर पेटीत नसतो, मग मुलं मोटार सरळ पिनेला लावतात. छोटी मोटारही सुरू होताना काहीशे मिलिअँपिअर ओढते. पिन मरते, बोर्ड बाकी चालू दिसतो, आणि पुढचा गट तासभर स्वतःचा प्रोग्राम तपासत बसतो. मेलेल्या पिनेवर नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवा. ट्रान्झिस्टर आणि मोटारीला उलटा डायोड, पट्टी धन बाजूला, एवढं जोडून घेतलं की बोर्ड वर्षानुवर्षं टिकतो.

थ्रीडी प्रिंटरवर लोकांचं प्रेम असतं, उद्घाटनाच्या फोटोत तोच असतो. ४० ग्रॅमचा पीएलए प्लास्टिकचा एक तुकडा साधारण तीन तास घेतो. ४० मुलांचे १२० तास. रोज सहा तास चालवला तर वीस दिवसांत सगळ्यांचं एक-एक निघतं, म्हणजे अशक्य नाही. पण त्या १२० तासांत मुलांचे हात रिकामे. शिक्षण होतं ते आराखडा काढताना, आणि त्यासाठी लागतात संगणक, जे संचात नसतात. आधी संगणकांची संख्या बघा, मग प्रिंटर.

गॉगल पाच देतात. गॉगल खोलीतल्या डोक्यांइतके हवेत, मशीनवरच्या डोक्यांइतके नव्हेत. ब्लेडाचा तुटलेला दात कुणाच्या डोळ्यात जाईल हे कोण सांगणार? ईएन १६६ किंवा झेड ८७ या सुरक्षा-मानकाचा ठसा काचेवर आणि दांडीवर असतो, तो बघून घ्या. आणि माप लहान घ्या. एकाच मोठ्या मापाचे गॉगल-एप्रन येतात, मुलींच्या आणि लहानखुऱ्या मुलांच्या नाकावरून घसरतात, मग ते डोक्यावर चढवून ठेवतात. डावखुऱ्यांचंही तसंच. पत्रा कापायच्या कात्र्या डाव्या-उजव्या अशा वेगवेगळ्या मिळतात, संचात एकाच हाताच्या असतात. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या मुलासाठी एका बाकाखाली साधारण ७० सेंमी मोकळी उंची आणि बसल्या कोपराच्या पातळीला एक व्हाइस, एवढं सुरुवातीलाच सांगून ठेवलं तर सुताराला जड नाही. नंतर कुणी करत नाही.

आता जे संपतं त्याबद्दल. चाळीस मुलांना त्या ५० मिमीच्या तुकड्यासाठी ५० बाय १० ची पट्टी लागते. प्रत्येकी ५२ मिमी अधिक ब्लेडाचा १ मिमी, म्हणजे २.१२ मीटर, वजनाला साधारण सव्वाआठ किलो. पेटीत दहा तुकडे. सोल्डरचं गणित उलट चांगलं आहे: मुलामागे ६० जोड आणि जोडाला ५ मिमी धरली तर १ मिमी जाडीची १२ मीटर तार, ८० ग्रॅम. वाया जाणारी धरून दुप्पट करा, २५० ग्रॅमच्या एका रिळात वर्ष निघतं. ब्लेडं, बिटं, वायर, पट्टी, पॉलिश पेपर यांची यादी दर वर्षी संचाच्या खरेदीइतक्याच गांभीर्यानं मंजूर व्हायला हवी. तसं होत नाही. यंत्र एकदाच येतं, त्याचा फोटो निघतो. हॅकसॉ ब्लेडाचा फोटो कोण काढणार.

आणि मग कुलूप. हत्यारं जडसंग्रह नोंदवहीत चढतात, हरवलं तर जबाबदारी निदेशकाची, म्हणून कपाटाला दोन कुलपं आणि तपासणीच्या आदल्या दिवशी ग्रीस पुसणं. यावर भाषणं देऊन उपयोग नाही, व्यवस्था बदलावी लागते. प्लायवुडच्या फळीवर प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा रंगवा आणि हत्यार तिथेच टांगा. तास संपल्यावर रिकामी आकृती लांबूनच दिसते, मोजणी दोन मिनिटांत होते. कानशी, ब्लेडं आणि बिटं नोंदवहीत कायम वस्तू म्हणून चढवूच नका. त्या झिजण्यासाठीच आहेत, त्यांची नोंद खर्ची साहित्यात.

राहिला प्रश्न खोलीत कुणाला घेतात याचा. बऱ्याच ठिकाणी गुण कमी पडलेल्यांना इकडे पाठवतात आणि वरच्या गुणांच्या मुलाला गणित-विज्ञानाचा जादा तास नेमका याच वेळी लावतात. म्हणजे एकाला पर्याय नसतो, दुसऱ्याला मुभा नसते. वेळापत्रक मांडताना कार्यशाळेचा जोडतास पहिल्यांदा ठेवा आणि बाकीचे विषय भोवती बसवा. उलटं केलं की तो दिवसाच्या शेवटी ४० मिनिटांचा सुटा तास होऊन बसतो, आणि ४० मिनिटांत वाटप-झाडलोट वजा जाता उरतात वीस. अमेरिकेत १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्यानं, कामाला न लागलेल्या मुलांच्या व्यवसायवर्गांना निधी हवा असेल तर आठवड्याला किमान ३० तास आणि त्यातला निम्मा वेळ प्रत्यक्ष उपयोगी कामाला, अशी अट घातली होती. त्या कायद्यानं व्यवसायाची मुलं बाकी शाळेपासून वेगळी पडली हा आरोप खरा आहे. पण तासांबाबत त्यांना वस्तुस्थिती कळत होती. आठवड्याला एका जोडतासात कारागीर घडत नाही. हाताची ओळख होते, आणि शाळेनं पालकांना तेवढंच सांगावं.

संच घ्यायचाच असेल तर तो सुटा करून घ्या: व्हाइस दहा, ड्रिल मशीन एक, आयर्न दहा, गॉगल ४५, फलकाऐवजी प्लायवुड, प्रिंटर नाही. आणि माल आला त्या दिवशी, पावतीवर सही करण्याआधी, तासभर काढा. व्हाइसची कागदाची परीक्षा प्रत्येकावर. ड्रिलच्या चकमध्ये ६ मिमीची सरळ कांडी धरून हातानं फिरवा, टोक डोळ्याला डुलताना दिसलं तर चक बदलून मागा. टेबलावर गुण्या ठेवून कांडी काटकोनात आहे का बघा. आरसीसीबीचं बटण दाबा. शेवटची परीक्षा सगळ्यात महत्त्वाची: ड्रिल मशीन चालू करा, भिंतीवरचा मुख्य स्विच बंद करा, दहा सेकंदांनी परत चालू करा. मशीन आपोआप फिरायला लागलं तर त्याला वीज जाताच सुटणारा स्विच नाही, आणि वीज गेलेल्या खोलीत बिट बदलणाऱ्या मुलाच्या बोटांसमोर ते कधीतरी असंच सुरू होईल. ते मशीन परत गाडीत चढवा. बाकीच्या चुका शाळेत दुरुस्त करता येतात.